इलेक्ट्रिक घंटागाडी: या चुका टाळा

डिझेल टिपरखाली बरीच वर्षं पाठ घासली, आता डेपोत कचऱ्याच्या इलेक्ट्रिक गाड्या बघतो. तक्रार मात्र ठरलेली: "दादा, बॅटरी गेली." मोठी बॅटरी सहसा गेलेली नसते. उतरलेली असते ती 12 व्होल्टची छोटी. मोठ्या बॅटरीची, म्हणजे पॅकची, वीज मोटरकडे सोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) तिच्यावर चालतात. ती मेली की पॅक फुल असला तरी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा.

गेल्या पावसाळ्यात एक स्पेअर गाडी तीन दिवस उभी होती. चौथ्या दिवशी पहाटे डिस्प्ले काळा. मी पोचलो तेव्हा चौघं तिला धक्का मारत होते! क्लच नाही, गिअर नाही, धक्क्यानं काय सुरू होणार? मुकादमानं तोवर नव्या पॅकचा भावसुद्धा विचारून ठेवला होता. छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावला, 7.9 व्होल्ट. चोर निघाला भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर. कुणीतरी घाईत त्याची वायर थेट बॅटरीवर मारलेली. गाणं बंद, पण आतला लाल दिवा चालूच. अर्धा अँपिअर खेचला तरी दिवसाला 12 अँपिअर-अवर, तीन दिवसांत 36. बॅटरीच 35 ची.

तेव्हापासून भोंग्याची वायर मी इग्निशनच्या रिलेवरून घेतो, म्हणजे चावी बंद की भोंगा बंद. तरी संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरवर तळहात ठेवून बघतो. कोमट लागला तर काहीतरी चालू आहे. आणि दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावताना लाल-काळी उलटी करू नका. पाच मिनिटं वाचवायला जाल आणि पॅकवरून छोटी बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर जाळून बसाल.

दुसरी खोड मोबाइलवरून आलेली: "80 टक्क्यांवर चार्जिंग काढायचं, बॅटरी टिकते." पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर हे अर्धवट ज्ञान. या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) हिशेब हळूहळू चुकत जातो. काटा 20 टक्के दाखवतो आणि गाडी वॉर्डाच्या मधोमध बसते. आमच्याकडे आठवड्यातून एका रात्री चार्जर आपणहून थांबेपर्यंत पिन काढायची नाही. गडबड असलेल्या ड्रायव्हरला तेवढंच जमत नाही.

धुलाई. आयपी 67 हा धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. प्रेशर गनचा फवारा त्यात बसत नाही. गन फक्त हॉपरला (कचरा भरायच्या पेटीला), खाली साधा पाइप, तोही कनेक्टर सोडून.

चार्जिंगला गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर नको. 16 अँपिअरवर रात्रभर वेटोळं तापतं.

हॉपरला फळ्या ठोकून ओला कचरा जास्त भरायचा आणि मग रेंज मिळत नाही म्हणून रडायचं, यावर मी बोलणं सोडलंय.

टोइंग करताना मोटरची चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. फिरली की मोटर वीज बनवते.

पॅकच्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात नाही, म्हणजे नाही. "टेस्टर लावून बघू का?" म्हणणाऱ्या नव्या पोराच्या हातातला टेस्टर काढून घेतला आणि त्याला टायरची हवा तपासायला बसवलं.