बार्बाडोसला भारी रेस्टॉरंटात जेवायचंय? मग एवढं बघून जा

2024 चा टी-20 वर्ल्ड कप आपण जिंकलो ते वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरचं, ब्रिजटाऊनचं मैदान सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून किनाऱ्यानं उत्तरेला होलटाऊनकडं गेलं की समुद्राला खेटून टेबलं मांडलेली महागडी रेस्टॉरंटं लागतात. तिथं मी वेटर होतो. आता उदगीरला असतो, अन् अमेरिकेतल्या लेकराकडं निघालेली, तिकडंही डोकावू म्हणणारी मंडळी विचारायला येतात.

टेबल आधीच बुक करा. डिसेंबर मध्यापासून एप्रिलपर्यंत तोबा गर्दी. सप्टेंबरात, वादळाच्या दिवसांत, बरेच जण शटरच ओढतात. सूर्य तिथं वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. त्यामुळं उघडल्या उघडल्या पहिलं टेबल मागा. आपल्या सवयीनं नऊला गेलात तर समुद्राचा नुसता आवाज ऐकायचा.

माळकरी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, अन् 'व्हेज' एवढ्यावर सोडू नका. मासा नको, अंडं नको, मांस उकळलेलं पाणीसुद्धा नको, असं फोड करून सांगा. 'राइस अँड पीज' नाव ऐकून आपला माणूस खूश होतो, पण त्यात बऱ्याचदा डुकराचं खारवलेलं मांस असतं. मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी, तिच्यात अंडं निघू शकतं. मी सुचवीन तो कूकू. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात लाकडी चपट्या दांड्यानं घोटत राहायचं, घट्ट झालं की लोणी लावलेल्या वाडग्यात थापून ताटात उपडं करायचं. आपल्या ज्वारीच्या कण्यांचाच भाऊ म्हणा. एरवी त्यावर उडत्या माशाचं कालवण येतं, तेच तिथलं राष्ट्रीय जेवण. खाणाऱ्यांनी हेच मागवावं. एवढं लांब जाऊन स्टेक कशाला?

मेनूत 'डॉल्फिन' दिसला तर दचकू नका. तो माही-माही नावाचा मासा, उड्या मारणारा डॉल्फिन नव्हे. पिवळा पेपर सॉस मोहरी अन् स्कॉच बॉनेट मिरचीचा. लवंगी पचवणाऱ्यांनीही आधी थेंबभरच घ्यावा.

रात्री पुरुषांनी फुल पँट अन् कॉलरचा शर्ट घालावा. मिलिटरी छापाचे कपडे मात्र बॅगेतसुद्धा भरू नका. तिथं साध्या नागरिकाला ते घालायला कायद्यानं बंदी आहे, लेकरांनाही.

आता पैसे. किमतीपुढचा डॉलर कुठला, हे पहिलं विचारा. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर असा बांधलेला भाव आहे, म्हणजे समजुतीचा घोटाळा झाला तर बिल थेट दुप्पट. लॉबस्टरपुढं आकड्याऐवजी 'मार्केट प्राइस' लिहिलेलं असेल तर आकडा विचारूनच ऑर्डर द्या. लाजायचं काय त्यात? आम्हाला रोज विचारायचे, अन् विचारणारे बहुतेक श्रीमंतच असायचे. बिलात दहा-पंधरा टक्के सर्व्हिस चार्ज धरलेला असेल तर वेगळी टिप द्यायची सक्ती नाही.

जेवण झालं की काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे ताट उचललं जातं. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही, गिऱ्हाइकाला उठवल्यासारखं दिसतं म्हणून. वाट बघत ताटकळू नका, वेटरकडं बघून हवेत सही केल्यासारखं करा.