जगाच्या नकाशावरून खंडांचं क्षेत्रफळ जोखताना या चुका टाळा

भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसत असेल, तर तो नकाशा मर्केटर प्रक्षेपणावरचा आहे हे जवळजवळ नक्की. (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत.) प्रत्यक्षात ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौ.किमी. आणि आफ्रिकेचं सुमारे ३ कोटी ३ लाख चौ.किमी. आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. एकटा अल्जीरियासुद्धा (२३.८ लाख चौ.किमी.) ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे.

हा फुगवटा येतो कुठून, ते आधी पाहू, कारण पुढच्या बहुतेक चुका इथेच जन्म घेतात. विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,००० किमी. ६०° अक्षवृत्ताची लांबी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २०,००० किमी. आयताकृती नकाशात मात्र दोन्ही सारख्याच लांबीच्या रेषा होतात, म्हणजे ६०° वरचा प्रदेश पूर्व-पश्चिम दुप्पट ताणला जातो. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये त्याच जागी उत्तर-दक्षिण ताणही तेवढाच दिला, कारण त्याला दिशांचे कोन अचूक हवे होते. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग अशा नकाशावर सरळ रेषेत येतो. खलाशांसाठी हे वरदानच होतं. क्षेत्रफळ मात्र दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट झालं. हाच फुगवटा ४५° वर दुप्पट, ७०° वर साधारण साडेआठपट, ७५° वर पंधरापट आणि ८०° वर तेहतीसपट होतो. ध्रुवापाशी तो अनंत होतो, म्हणून असा नकाशा वर-खाली कुठेतरी कापावाच लागतो. वेबवरचे बहुतेक नकाशे ८५.०५° पाशी कापलेले असतात.

चूक: एकाच आकड्याने भागून दुरुस्ती करणं

‘ग्रीनलंड अमुकपट मोठं दिसतं, तेवढं लहान करून आफ्रिकेवर ठेवू’ असा विचार करून चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार कापून डकवला जातो. ग्रीनलंड जवळपास ६०° ते ८३.५° उत्तर असं पसरलेलं आहे. त्याचं दक्षिण टोक चौपट फुगलेलं असतं आणि उत्तर टोक सत्तरपटीच्याही पुढे. एका गुणकाने लहान केलं तरी माथा अवाढव्य आणि तळ चिमुकला राहतो. नकाशात तो आकार वर रुंद होत गेलेला दिसतो, तो यामुळेच.

खात्रीचा मार्ग असा: दोन्ही प्रदेश लँबर्टच्या समक्षेत्र दिगंशीय प्रक्षेपणात (समक्षेत्र म्हणजे क्षेत्रफळांचं गुणोत्तर खरं ठेवणारं) वेगवेगळे काढा. प्रत्येक वेळी प्रक्षेपणाचं केंद्र त्या त्या प्रदेशाच्या मध्यावर ठेवा, दोन्ही चित्रांचं प्रमाण एकच ठेवा, आणि मगच एक आकार दुसऱ्यावर ठेवा.

चूक: प्रक्षेपण न ओळखताच निष्कर्ष काढणं

नकाशाच्या कोपऱ्यात प्रक्षेपणाचं नाव छापलेलं नसेल तर फुटपट्टी घ्या. कंपाला जवळजवळ विषुववृत्तावर, कैरो ३०° वर आणि हेलसिंकी ६०° च्या किंचित वर आहे. तिन्ही शहरं साधारण एकाच उत्तर-दक्षिण पट्ट्यात येतात. कंपाला ते कैरो आणि कैरो ते हेलसिंकी ही अंतरं उभ्या दिशेत मोजा. पृथ्वीवर ती जवळपास सारखी आहेत.

नकाशावर पहिलं अंतर १० सेंमी आणि दुसरं १४ सेंमीच्या आसपास आलं, तर मर्केटर. १२ च्या आसपास आलं, तर मिलरचं प्रक्षेपण असण्याची शक्यता मोठी. त्यात फुगवटा कमी असतो, पण असतोच. दोन्ही अंतरं सारखी असतील आणि रेखावृत्तं सरळ उभी समांतर असतील, तर ते साधं इक्विरेक्टँग्युलर प्रक्षेपण. त्यात ६०° वर क्षेत्रफळ दुप्पट दिसतं. दुसरं अंतर साडेसात सेंमीपर्यंत घटलं आणि आफ्रिका उभी लांबट दिसली, तर बहुधा गॉल-पीटर्स हे समक्षेत्र प्रक्षेपण.

चूक: ‘गोलसर दिसतो, म्हणजे बरोबर असणार’

कडा वळलेल्या नकाशांवर लोक चटकन विश्वास टाकतात. रॉबिन्सन (१९६३) आणि विंकेल त्रिपेल (१९२१) ही दोन्ही प्रक्षेपणं डोळ्यांना सुखावतात, पण समक्षेत्र नाहीत. क्षेत्रफळ, आकार आणि अंतर यांच्यात त्यांनी तडजोड केलेली आहे. क्षेत्रफळांची तुलना करायची तर मॉलवाइड, गूडचं खंडित प्रक्षेपण किंवा २०१८ मधलं इक्वल अर्थ निवडा.

उलट बाजूची चूकही तितकीच होते: समक्षेत्र म्हणजे निर्दोष, असं मानणं. गॉल-पीटर्समध्ये क्षेत्रफळाचं गुणोत्तर चोख असतं. आकार मात्र ४५° वरच बरोबर राहतो. विषुववृत्तावर प्रदेश उभे दुप्पट ताणलेले असतात, ६०° वर आडवे दुप्पट. गोल पृष्ठभाग विकृतीशिवाय सपाट करताच येत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे काय जपायचं आणि काय सोडायचं, हे आपल्या कामावरून ठरवावं लागतं.

चूक: मोजपट्टी सगळीकडे लावणं

मर्केटर नकाशाखालची पट्टी बहुधा विषुववृत्तापुरती खरी असते. तिथे १,००० किमी दाखवणारी लांबी ६०° वर फक्त ५०० किमी असते.

चूक: सॉफ्टवेअरचा आकडा डोळे झाकून घेणं

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा घोटाळा फार होतो. नकाशाचा स्तर (लेयर) ईपीएसजी ३८५७ मध्ये, म्हणजे वेब नकाशांच्या मर्केटरमध्ये असताना (ईपीएसजी हे निर्देशक पद्धतींचे क्रमांक) सपाट पृष्ठभागावरचं क्षेत्रफळ काढलं, तर ग्रीनलंड लाखांऐवजी कोटींच्या घरात जातं. ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे थेट अक्षांश-रेखांशांत काढलं, तर उत्तर चौरस अंशांत येतं, आणि त्याला काहीच अर्थ नसतो.

दुरुस्तीसाठी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरून स्तर ईपीएसजी ६९३३ किंवा ८८५७ या समक्षेत्र पद्धतींत न्या आणि मग मोजा. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशक पद्धत) वापरू नका. त्याने निर्देशक बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरचं लेबल बदलतं आणि नकाशा भलत्याच जागी जाऊन बसतो. मोजणी झाल्यावर ग्रीनलंडचा आकडा तपासा. तो २१ ते २२ लाख चौ.किमी.च्या आसपास यायला हवा.

क्षेत्रघनी नकाशे (प्रदेशाला आकड्यानुसार रंग देणारे) आणि टिंब नकाशे (टिंबांनी संख्या दाखवणारे) तर समक्षेत्र प्रक्षेपणावरच काढावेत. मर्केटरवर उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या देशाचा रंग अर्धं पान व्यापतो, आणि टिंबं खऱ्यापेक्षा दूरदूर पसरलेली दिसतात.

पृथ्वीगोलावर पडताळा

३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. एक दोरा घ्या. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत तो गोलाला चिकटवून धरा: सव्वासहा सेंमी भरेल. आडवा धरलात तर रुंदीत जेमतेम अडीच. मग तोच दोरा आफ्रिकेवर उत्तर-दक्षिण लावा: जवळपास १९ सेंमी, आणि रुंद भागात पूर्व-पश्चिम १७ सेंमीच्या पुढे. दोरा सैल होऊन गोलापासून उचलू देऊ नका, नाहीतर लांबी जास्त भरते.