शेतकरी कुटुंबांत पिढ्यांचे उत्पन्न आणि धर्म यांचा संबंध कसा तपासावा

धर्मामुळे शेतकऱ्याची पुढची पिढी पुढे जाते की मागे राहते, हे तपासायचे असेल, तर धर्माकडे सर्वांत शेवटी वळावे. आधी बापाचे आणि मुलाचे उत्पन्न नीट मोजावे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

शेतीचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर हेलकावे खाते, म्हणून एकाच वर्षाचा आकडा कधीही धरू नये. समजा, बापाचे पाच वर्षांचे निव्वळ उत्पन्न १००, ४०, १३०, ६० आणि १२० आहे. म्हणजे सरासरी ९०. पाहणी नेमकी ४० च्या वर्षी झाली आणि मुलाची सरासरी ८० निघाली, तर कुटुंबाचे उत्पन्न दुपटीने वाढल्यासारखे दिसेल. प्रत्यक्षात मुलगा बापाच्या मागे पडलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील बापांच्या उत्पन्नाची अनेक वर्षांची सरासरी घेऊन ती मुलांच्या उत्पन्नाशी ताडून पाहिली, तेव्हा दोन पिढ्यांतील संबंध ०.४ च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे बापाची बरी-वाईट स्थिती पूर्णपणे मुलाकडे उतरते). आधीचे अंदाज त्याच्या जवळपास निम्मे होते.

दोघांचे उत्पन्न सारख्या वयातले, चाळिशीच्या आसपासचे, घ्यावे. घरी खाल्लेले धान्य आणि दूध बाजारभावाने हिशेबात धरावे. गाव सोडून गेलेली मुले आणि लग्न होऊन गेलेल्या मुली वगळू नयेत. त्यांना वगळले तर शेतीबाहेर पडून सावरलेली माणसे हिशेबातूनच निसटतात.

आता धर्म. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या समृद्धीचे श्रेय त्यांच्या श्रमनिष्ठेला दिले होते. अर्थशास्त्रज्ञ साशा बेकर आणि लुडगर वोसमान यांनी २००९ मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातील ४५२ जिल्ह्यांची एकोणिसाव्या शतकातील आकडेवारी तपासली, तेव्हा त्या समृद्धीचा मोठा भाग साक्षरतेतून उलगडला. बायबल स्वतः वाचता यावे, या आग्रहातून ती साक्षरता आली होती. म्हणून दोन तक्ते करावेत. पहिल्यात जमीन, पाण्याची सोय आणि बापाचे उत्पन्न सारखे असलेल्या कुटुंबांची धर्मनिहाय तुलना करावी. दुसऱ्यात त्याच कुटुंबांचे शिक्षण आणि वारसा वाटण्याची रीतही सारखी धरावी. पहिल्यातला फरक दुसऱ्यात विरला, तर धर्माचा परिणाम खोटा ठरत नाही, तो बहुधा शाळेच्या किंवा वाटणीच्या वाटेने आलेला असतो. सहा हेक्टर जमीन तीन भावांत समान वाटली, तर प्रत्येकाला दोनच हेक्टर मिळते, आणि अशी घट श्रद्धेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. एखाद्या धर्माची मोजकीच कुटुंबे तक्त्यात उरली, तर त्यांच्याविषयी निष्कर्ष काढू नये; आणखी कुटुंबांची माहिती गोळा करावी.