खांदा जोडून घेतल्यावर

मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळायचो. चढाईपटूला मागे ओढताना उजवा हात उलटा गेला आणि खांद्यात कट्‌ झालं. कोल्हापूरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. फऱ्यापासून येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्याला चिकटणाऱ्या चार कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे) म्हणजे रोटेटर कफ. माझी वरची फाटली होती. सर्जननी हाडात अँकर, म्हणजे दोरे जोडलेले बारीक खिळे, रोवले आणि त्यांच्या दोऱ्यांनी ती परत बांधली. दोऱ्या कंडरेला नुसत्या धरून ठेवतात, तिला हाडात रुजायला महिने लागतात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. घात तिथेच होतो.

स्लिंग, म्हणजे हाताची झोळी, साधारण ४ ते ६ आठवडे, झोपतानाही. कोल्हापूरहून घरी येताना आंबा घाटाच्या वळणांसाठी कोपर आणि बरगडीच्या मध्ये उशी ठेवा. महिनाभर मी लोडाला टेकून, कोपराखाली गोधडीची घडी घेऊन झोपलो. शर्ट पुढे बटणांचा, सैल. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. आपल्या दमट हवेत काख घामाने सोलवटते. आंघोळीची परवानगी मिळाली की कमरेत वाका, हात लोंबू द्या, तसाच काख धुवा आणि पंख्याखाली कोरडी करा. धुण्यासाठी हात वर उचलू नका.

बोटं आणि मनगट लगेच हलवायला लागा. लोंबता हात गोल फिरवायचा व्यायाम फिजिओ सांगेल तेव्हाच. त्यात अंग डोलवायचं, हात आपोआप मागून येतो. स्वतःच्या ताकदीने हात उचलणं साधारण ६ आठवड्यांनंतर, रबरी पट्टा ओढायचा व्यायाम १२ च्या आसपास. फाटणं मोठं असेल तर सगळंच पुढे जातं. ताप आला, जखम पाझरली किंवा बोटं बधिर पडली, तर सर्जनना त्याच दिवशी फोन करा.

रहाट ओढणं, चिरा उचलणं, बाईक चालवणं बंद. तंबाखूही. निकोटीनने कंडरेचं जुळणं मंदावतं. पोरांनो, हे मी हात जोडून सांगतो.

ऑपरेशन डिसेंबरात झालं, मार्चात शिमगा आला. खांदा अगदी बरा वाटत होता. पालखी अंगणात आली, ढोल चढला, धाकटा म्हणाला, "दादा, ये, खांदा दे." मी दोन पावलं पुढे गेलोसुद्धा. आईने मागून शर्ट धरला. बारा आठवड्यांची कंडरा तो भार आणि ते नाचवणं सोसण्याइतकी पिकलेली नसते. त्या वर्षी मी अबदागीर धरली, डाव्या हाताने.

खेळायला ६ महिन्यांच्या आत कुणी उतरू नये. मी पकडीला दहाव्या महिन्यात गेलो, फिजिओने दोन्ही खांद्यांची ताकद मोजून जवळपास सारखी भरल्यावर.