बी-टू करताय? मग हँगरमधला ट्रान्सपाँडर आधी समजून घ्या

विमान मेंटेनन्सच्या लायसन्ससाठी बी-वन (इंजिन, मेकॅनिकल) घेऊ की बी-टू (एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स), हे मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. इंजिनाच्या आवाजाने अंगावर काटा येत असेल तर बी-वन घ्या. आणि तीन तास वायरिंग डायग्रॅममध्ये डोकं घालून शेवटी कनेक्टरची एक पिन वाकलेली सापडली तरी दिवस सार्थकी लागला असं वाटत असेल, तर बी-टू. मी बी-टूवाली. त्यातही सर्व्हेलन्स, म्हणजे ट्रान्सपाँडर (रेडिओवरून प्रश्न आला की विमानाची ओळख आणि उंची सांगणारी पेटी), टीकॅस (आसपासच्या ट्रान्सपाँडरना विचारून टक्कर टाळणारी यंत्रणा), एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा), हा माझा जीव की प्राण.

लायसन्सच्या परीक्षेत प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के लागतात, आणि खरं सांगायचं तर क्वेश्चन बँक घोकून ते पडतातही. मी घोकणाऱ्यांना नावं ठेवत नाही, फी भरलेली असते, घरचे विचारत असतात. पण घोकून पास झालेला पोरगा हँगरमध्ये पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो. त्याला '१०३० वर प्रश्न, १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर' तोंडपाठ असतं, पण प्रश्न कोण विचारतंय ते माहीत नसतं.

हे नीट समजून घ्यायला चरखी दादरीपासून सुरुवात करा. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीजवळ सौदियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत धडकलं, ३४९ माणसं गेली. इल्युशिनला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली गेलं. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचा झाला. दुसरं उदाहरण जर्मनीतल्या युबरलिंगनचं, १ जुलै २००२, तिथेही दोन विमानं हवेत धडकली. तिथे दोन्ही विमानांत टीकॅस होता. त्यातल्या रशियन टुपोलेव्हला टीकॅस 'वर जा' सांगत होता, कंट्रोलर 'खाली या' सांगत होता, आणि क्रूने कंट्रोलरचं ऐकलं. ७१ बळी. आज पायलटला पक्कं शिकवतात की आरए (टीकॅसचा 'वर जा' किंवा 'खाली या' हा आदेश) आला की आरएचंच ऐकायचं, कंट्रोलर काहीही म्हणो.

आता या शेवटच्या वाक्याचा आपल्या कामाशी काय संबंध? तोच तर सापळा, आणि तो मला एकाही नोट्समध्ये सापडला नाही.

समजा, तुम्ही पिटो-स्टॅटिक टेस्ट, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग आणि उंची मोजणाऱ्या यंत्रणेची तपासणी करताय. पंपाने दाब कमी करून विमानाला ५,००० फुटांवर 'चढवलंय'. एअर डेटा कॉम्प्युटरला वाटतं आपण खरंच तिथे आहोत. त्यात विमान जॅकवर असेल किंवा टेस्टसाठी एअर-ग्राउंड लॉजिक (विमान हवेत की जमिनीवर हे ठरवणारी यंत्रणा) 'एअर'ला टाकलेलं असेल, तर ट्रान्सपाँडरही स्वतःला उडतंय समजतो. तो ऑन राहिला असेल तर बाहेरून प्रश्न आला की इमानदारीत सांगतो : मी ५,००० फुटांवर. मुंबईसारख्या ठिकाणी हँगर रनवेच्या इतके जवळ की वरून विमानं जातच असतात. त्यातल्या एखाद्याच्या टीकॅसने विचारलं आणि आपल्याने उत्तर दिलं, की त्या कॉकपिटच्या स्क्रीनवर एक भूत उमटतं. टीकॅस समोरून आलेली उंची खरीच मानतो, पडताळून बघायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मग आरए येतो. आणि पायलट तो पाळणारच, युबरलिंगनने त्याला तेच शिकवलंय. भरल्या एअरस्पेसमध्ये, प्रवासी बसलेले, केबिन क्रू कदाचित अजून उभे, आणि विमान एकदम वर किंवा खाली. हे काल्पनिक नाही, असे खोटे आरए प्रत्यक्षात आलेले आहेत.

म्हणून पिटो-स्टॅटिक करताना दोन्ही ट्रान्सपाँडर स्टँडबाय. एक नव्हे, दोन्ही. उंचीचं उत्तरच तपासायचं असेल तर अँटेनावर कपलर (सिग्नल बाहेर जाऊ न देणारं झाकण) चढवायचा, आणि इथेच नवी पोरं फसतात : अँटेना दोन असतात, एक पोटाखाली, एक पाठीवर. खालच्यापर्यंत हात पोचतो, वरच्यासाठी डॉकिंग (विमानाभोवतीचा कामाचा मचाण) लागतं, शिफ्ट संपत आलेली असते. 'हँगरचं दार बंद आहे ना' ही सबब मी खूपदा ऐकलीय. दाराचा पत्रा म्हणजे कपलर नव्हे. टॉवरला आधी कळवा. टेस्ट संपली की आधी दाब जमिनीवर आणा, मगच कपलर काढा. टास्क कार्डावरची वॉर्निंग सही करण्याआधी वाचायची असते, नंतर नाही.

घाबरलात? घाबरू नका. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सर्व्हेलन्स सोपं आहे. एडीएस-बी तर विचारण्याची वाटही बघत नाही, आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा आपणहून सांगत राहतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या एअरस्पेसमध्ये तो सक्तीचा आहे. आणि ती माहिती कॉकपिटमध्ये घेणारी एडीएस-बी इन ही खरी मजा. महासागरावर रडार नसतं, म्हणून विमानं एकमेकांपासून लांब ठेवतात आणि कित्येक तास नको त्या उंचीवर अडकतात. पुढचं विमान स्क्रीनवर दिसत असेल आणि वेगातला फरक २० नॉट्सच्या आत असेल, तर १५ नॉटिकल मैलांवरूनही त्याची उंची ओलांडून वर जाता येतं. वर गेलं की इंधन वाचतं. एअरलाइनला या पेटीत रस वाटतो तो यामुळे.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा तिखट आहे. चाळीस स्लाइडचा कोर्स विकणाऱ्यापेक्षा नाइट शिफ्टचा एखादा तिरसट टेक्निशियन काका परवडला. तो सांगत काही नाही, पण "बघू, काढून दाखव" म्हणतो आणि कागद पुढे सरकवतो. शंभर टक्के प्लेसमेंट लिहिणाऱ्या इन्स्टिट्यूटला आधी एवढंच विचारा : प्रत्यक्ष विमानावर किती काम, आणि कुठल्या मेंटेनन्स कंपनीत? उत्तर गोलमाल आलं तर सरळ उठा.

आणि हो, लॉगबुक. अनुभवाची नोंद त्याच दिवशी भरा आणि त्याच आठवड्यात सही घ्या. साहेबांची दुसऱ्या बेसला बदली झाली की मागच्या सह्यांसाठी फोनवर फोन करत बसावं लागतं, आणि लायसन्सची फाइल तेवढ्यापायी अडते.