हंगामी सरकारचा खेळ: अभ्यासमंडळाने एका दिवसात कसा मांडावा

क्रांती झाली, जुनी राजवट पळाली, उद्यापासून देश आपण चालवायचा. इथं नेमकं काय अडतं, हे ऐकून फारसं कळत नाही. पगाराचे पैसे स्वतः मोजावे लागले की कळतं. म्हणून हा खेळ. वाचनालयाचा हॉल, कॉलेजचा वर्ग, ग्रामपंचायतीचं सभागृह, काहीही चालेल. बाजारचा दिवस तेवढा टाळा.

माणसं २३. पाच टेबलं, प्रत्येकी चौघं: नेते, जुने कर्मचारी, जुनं सैन्य, क्रांतीत लढलेलं हत्यारबंद दल आणि प्रांत. उरलेले तिघं पंच. पैसे म्हणून दीडशे चिंचोके आणि छापलेल्या नोटा म्हणून मूठभर भोपळ्याच्या बिया लागतील. शेंगदाणे वापरू नका, जेवणाच्या सुट्टीआधीच तिजोरी रिकामी होते. फेऱ्या चार, प्रत्येक फेरी म्हणजे तीन महिने. दर फेरीला वेळ ४० मिनिटं, त्यातली शेवटची दहा हिशेबाची.

सुरुवातीला अर्धा तास प्रतिसरकारवर बोला. सातारा-सांगलीत हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग धरून, समांतर कारभार चालला. न्यायदान मंडळं, तुफान सेना, दारूबंदी, कमी खर्चातली लग्नं. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आणि औंधने १९३९मध्येच प्रजेला कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली होती, हेही सांगा.

पण लगेच पुढची गोष्ट सांगा, नाहीतर खेळ भरकटतो. आपल्याकडचे खेळाडू पहिल्याच फेरीत न्यायदान मंडळ काढतात आणि झालं सरकार असं समजतात. प्रतिसरकारकडे इंग्रजांची तिजोरी नव्हती, पगारी नोकरवर्ग सांभाळायचा नव्हता, शेतसारा वसूल करणारी यंत्रणा इंग्रजांकडेच होती. पैशासाठी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे, धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना लुटावा लागला. राजवट उलथण्याआधीचा कारभार आणि नंतरचा कारभार ही दोन वेगळी कामं आहेत. खेळ दुसऱ्या कामाचा आहे.

आता हिशेब. तिजोरीत ६० चिंचोके. दर फेरीचा खर्च ३२: कर्मचाऱ्यांचा पगार १०, जुनं सैन्य ८, हत्यारबंद दल ८, धान्यखरेदी ६. कर्मचारी कामावर असतील तर कराचे १५ येतात. नेत्यांना एका फेरीत दोनच हुकूम काढता येतात, तेही लेखी आणि चौघांच्या सहीने. चौथ्या फेरीच्या शेवटी निवडणूक घ्यायची, तिला १२ लागतात. काहीच केलं नाही तर चौथ्या फेरीत निवडणुकीआधीच ८ कमी पडतात. हा आकडा खेळाडूंना आधी सांगू नका.

पहिला मोह असतो जुन्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवायचा. टाळ्याही मिळतात. नियम असा: त्यांना काढलं तर पगाराचे १० वाचतात, पण कर १५वरून ३वर येतो आणि प्रत्येक हुकूम एक फेरी उशिरा लागू होतो. पहिल्या फेरीअखेर तिजोरीत ४१ असतात, न काढता ४३. फरक दोनचा, म्हणून कुणी दचकत नाही. चौथ्या फेरीत मात्र तूट १६वर जाते. इथं थांबून १९१७चा रशिया सांगा: लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली, पण स्टेट बँकेचे कर्मचारी संपावर गेले आणि सरकारलाच पैसे मिळेनात. मग आपल्याकडचं: १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सरदार पटेलांनी इंग्रजांच्या काळातल्या सनदी अधिकाऱ्यांची बाजू ठामपणे मांडली. कर्मचाऱ्यांच्या टेबलाला एक गुप्त चिठ्ठी द्या: 'अपमान झाला तर फाईल हरवा.' त्या चिठ्ठीने खेळात जान येते.

दुसरा मोह नोटा छापायचा. एका हुकमाने २० भोपळ्याच्या बिया मिळतात. पुढच्या फेरीपासून सगळा खर्च पाव पटीने वाढतो, ३२चे ४०. पहिल्याच फेरीत छापलं तर तिसऱ्या फेरीपर्यंत सरकार सुखात दिसतं आणि चौथीत ८ऐवजी १२ कमी पडतात. फ्रान्सने क्रांतीनंतर चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर असिन्या नावाच्या कागदी नोटा काढल्या, छापत गेले, आणि १७९६मध्ये छपाईची साधनं चारचौघांत मोडायची पाळी आली. एक पळवाट मुद्दाम ठेवली आहे: चौथ्या फेरीत छापलं तर निवडणूक जेमतेम पार पडते, तिजोरी शून्यावर येते आणि महागाई नव्या सरकारच्या गळ्यात पडते. कुणाला सापडली तर अडवू नका. खरे अर्थमंत्रीही शोधतात.

खरी गाठ हत्यारबंद दलाची. पगार चुकला तर ते नाक्यावर स्वतःच वसुली करतात, कराचे ५ कमी होतात. त्यांना मानाने मोकळं करायचं तर एकदाच १० द्यायचे. पुढच्या फेरीपासून दरवेळचे ८ वाचतात. सगळे हे पुढे ढकलतात, कारण ज्यांच्यामुळे खुर्ची मिळाली त्यांना नारळ द्यायला जीभ रेटत नाही. नेपाळमध्ये सरकार आणि माओवादी बंडखोरांत नोव्हेंबर २००६मध्ये शांतता करार झाला. पडताळणीत माओवादी सैन्यातले १९ हजारांहून जास्त लढवय्ये पात्र ठरले. त्यांचा प्रश्न २०१२-१३पर्यंत रेंगाळला. शेवटी सुमारे १,४०० जण नेपाळी सैन्यात गेले, बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली. मधल्या काळात पहिली संविधान सभा संविधान न करताच विसर्जित झाली. संविधान आलं २०१५मध्ये.

प्रांतांशी लेखी करार केला (महसुलात वाटा, भाषा, जागा, जे ठरेल ते) तर पुढच्या फेरीपासून दरवेळी ३ जास्त येतात. पहिल्या फेरीत हा करार, हत्यारबंद दलाला मानाने निरोप आणि कर्मचारी जागेवर, एवढं जमलं तर निवडणूक होऊन ३ चिंचोके उरतात. करार पहिल्या फेरीत पण निरोप तिसऱ्या फेरीत दिला तर निवडणुकीला १३ कमी पडतात.

पंचांनी एका गोष्टीवर डोळा ठेवावा. संविधानाच्या प्रस्तावनेवर वाद सुरू झाला की नेत्यांचं टेबल त्यातच रमतं आणि फेरी संपते. २५ मिनिटं झाली की घंटा वाजवा. सही झालेला हुकूम नसेल तर ती फेरी हुकमाविना गेली. दयामाया नको.

शेवटच्या फेरीत एक प्रश्न मताला टाका: हंगामी सरकारमधल्यांनी निवडणूक लढवावी का? फ्रान्सच्या संविधान सभेने १७९१मध्ये स्वतःच्या सदस्यांना पुढच्या सभेसाठी बंदी घातली आणि नवी सभा अनुभव नसलेल्यांची भरली. मत हात वर करून नको, चिठ्ठीने घ्या.

माणसं कमी आली, १४च भरली, तर दोन्ही सैन्यं एका टेबलावर बसवा. सहसा ती आपापसात भांडतात, तेही चालेल.