बॅटरीला ऑफचं बटण नसतं: वायर, चिमटे आणि कनेक्टरच्या या चुका टाळा

घरातल्या बोर्डाला हात लावताना आपण सतरा वेळा विचार करतो पण 12 व्होल्टची बॅटरी म्हटली की सगळे एकदम बिनधास्त, कारण काय तर शॉक बसत नाही. नाही बसत, खरंय. पण बॅटरीत भीती शॉकची नाहीच, करंटची आहे. फवारणी पंपात जी 12 व्होल्ट 8 एएचची लेड ॲसिड बॅटरी येते तिचा आतला रेझिस्टन्स साधारण 20 मिलीओहमच्या आसपास धरा, म्हणजे दोन टोकं सरळ एकमेकांना चिकटली तर कागदावर 600 अँपिअर येतात. वायर आणि जोड थोडं अडवतात म्हणून तेवढा मिळत नाही, पण शे-दोनशे मिळाला तरी पंपातली बारीक वायर बघता बघता लाल होते आणि वरचं प्लास्टिक पेट घेतं. ट्रॅक्टरच्या नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर पाना टर्मिनलला वेल्डच होतो.

आणि घरात निदान एमसीबी पडते, बॅटरीच्या आणि वायरच्या मधे बहुतेक वेळा काहीच नसतं. म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, बॅटरीकडून आलेलं टोक कायम जिवंत असतं. मोटरकडचं, लाइटकडचं टोक काढलं की ते मेलं, बॅटरीकडचं काढलं तरी जिवंतच. त्यामुळे त्या टोकाला उघडा धातू दिसता कामा नये, कनेक्टर कुठला घ्यायचा हे इथूनच ठरतं.

घरातला टू-पिन टॉप बॅटरीला लावणे

सगळ्यात वाईट चूक ही, आणि खेडोपाडी सर्रास दिसते. दुकानात टू-पिन टॉप आणि सॉकेट स्वस्तात मिळतं म्हणून बॅटरीच्या वायरला तेच लावतात. यात एकात तीन घोळ आहेत. टॉप उलटा बसला की प्लस-मायनस उलटं होतं आणि कंट्रोलर किंवा एलईडीची सर्किट गेली. टॉप जर बॅटरीच्या बाजूला असेल तर दोन उघड्या पितळी पिना कायम चालू, खिळ्यांच्या डब्यावर पडल्या की झालंच. आणि तिसरा घोळ जिवावरचा, घरातलं कुणीतरी चार्जिंगला लावतो म्हणून तोच टॉप भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालतं. त्याची काही चूक नाही हो, तो टॉप दिसतोच तसा. 12 व्होल्टला कधीही असा कनेक्टर वापरू नका जो भिंतीत बसू शकतो.

मग लावायचं काय

एक्सटी-60 हा पिवळा कनेक्टर ड्रोनवाले, ई-सायकलवाले वापरतात, ऑनलाइन सहज मिळतो. उलटा बसत नाही, दोन्ही कॉन्टॅक्ट प्लास्टिकमध्ये. फक्त भोकांवाला अर्धा भाग बॅटरीला आणि टोकं दिसतात तो लोडला म्हणजे मोटर-लाइटच्या बाजूला, हे उलटं केलं तर सगळा फायदा गेला. नावात 60 आहे म्हणून सतत 60 अँपिअर ओढायचे नसतात, सतत चालवायला 30 पर्यंतच धरा.

मोठ्या बॅटरीला अँडरसन कंपनीचा एसबी-50 कनेक्टर बेस्ट. त्यात मेल-फीमेल भानगडच नाही, दोन्ही भाग सारखे आणि कॉन्टॅक्ट खोल आत. शिवाय रंग व्होल्टेजप्रमाणे असतात, पिवळा 12 ला, लाल 24 ला, करडा 36 ला, निळा 48 ला, आणि वेगळ्या रंगाचे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे 48 व्होल्टचा पॅक 12 व्होल्टच्या लाइटला लावायची सोय राहत नाही.

गोल डीसी पिन 5 अँपिअरच्या आत ठीक. सुटे बुलेट कनेक्टर बॅटरीच्या बाजूला नकोच, आणि चिमटे तात्पुरत्या टेस्टिंगपुरते, कायमचे लावून पंप शेतात नेऊ नका, धक्क्याने एक सुटतो आणि दुसऱ्यावर जाऊन पडतो.

पंपातल्या बॅटरीला चपटी टर्मिनल्स असतात त्यात दोन मापं येतात, 4.8 आणि 6.3 मिमी. मोठा लग (वायरच्या टोकाला असते ती धातूची क्लिप) छोट्या पट्टीवर पक्कडीने दाबून बसवला की दोन दिवस चालतो, मग ढिला होतो, गरम होतो, औषधाच्या ओलीने हिरवा पडतो. योग्य मापाचा, प्लास्टिकचं आवरण असलेला लग घ्या. काळ्या टेपवर विश्वास नको, उन्हात गोंद सुटतो आणि टेप घसरते. हीट श्रिंक स्लीव्ह म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी घाला.

फ्यूज लांब लावणे, किंवा जाड लावणे

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच पाहिजे, मोटरपाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर. गाडीचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट स्वस्तात मिळतो. सिंगल मोटरचा पंप साधारण 3-4 अँपिअर घेतो, त्याला 7.5 चा तपकिरी किंवा फार तर 10 चा लाल. उडतोय म्हणून 30 चा हिरवा घालणं म्हणजे घरातल्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार भरण्यासारखंच.

काम करताना होणाऱ्या चुका

जुना कनेक्टर कापताना दोन्ही वायर एकदम पक्कडीत धरून कट्ट करतात, पक्कडीची पाती धातूची आहेत हे विसरून. एकावेळी एकच वायर कापायची, तिचं टोक झाकायचं, कनेक्टर लावायचा, मगच दुसरी.

मल्टिमीटरचंही तसंच. काल करंट मोजला, लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात राहिली, आज तीच घेऊन व्होल्टेज बघायला बॅटरीला लावली, म्हणजे मीटर नाही तर सरळ तारच लावली. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरच्या त्या भोकाला बहुतेक वेळा आत फ्यूजही नसतो.

ट्रॅक्टर-गाडीत काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. मायनस बॉडीला जोडलेला असतो, प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला तर लगेच शॉर्ट, मायनस आधीच काढलेला असेल तर काही होत नाही. अंगठी, कडं काढून ठेवा. चार्जिंग होत असताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते, तेव्हा चार्जर आधी बंद, मग चिमटे.

18650 सेलचा (गोल लिथियम सेल) पॅक बनवणाऱ्यांनी एक बघा, सेलचा पूर्ण डबा मायनस असतो, अगदी प्लसच्या बटणाच्या कडेपर्यंत. वरचं पातळ वेष्टण फाटलं आणि वर निकेलची पट्टी टेकली की आतून शॉर्ट. बार्ली पेपरची (इन्सुलेशनचा कागद) रिंग प्रत्येक प्लसला घाला.

शॉर्ट झालंच तर

फ्यूज सारखा उडत असेल तर अंदाजाने नवीन घालत बसू नका. मीटरचा बझर मोटरवरसुद्धा वाजतो, तिचं वाइंडिंगच एक-दोन ओहमचं, त्यामुळे लोक गंडतात. मोटर आणि चार्जिंग सॉकेट सुटं करा आणि फ्यूजच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा. लागला तर शॉर्ट वायरिंगमध्येच आहे, वायर एकेक हलवत बघा, जिथे बल्ब विझतो तिथे घोटाळा.

लिथियम पॅक शॉर्टनंतर शून्य दाखवत असेल तर लगेच मेला समजू नका, बीएमएसने (पॅकमधलं संरक्षणाचं सर्किट) आउटपुट बंद केलेलं असतं, लोड काढून मिनिटभर चार्जर लावला की बरेचदा उठतो. पण सेल फुगलाय, गोडसर वास येतोय किंवा काही न करता गरम लागतोय तर चार्जर अजिबात नाही, घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवा आणि जवळ जाऊ नका.

ई-सायकलचा पॅक जोडताना टक्क करून ठिणगी येते ती शॉर्ट नाही, कंट्रोलरचे कॅपॅसिटर भरतात. रोज काढ-घाल असेल तर एक्सटी-90-एस घ्या, त्यात त्यासाठी आतच रेझिस्टर असतो. आणि कनेक्टर एकदा वितळला तर दोन्ही बाजूचे बदला, एकच बदलून उपयोग नाही, तापलेल्या बाजूची स्प्रिंग बसलेली असते आणि ती नव्यालाही आठवड्यात वितळवते.